विषय: बाबांसाठी आणलेला जीपीएस ट्रॅकर पहिल्यांदा कसा सुरू करावा?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

माझे वडील या उन्हाळ्यापुरते पुण्याहून आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकला आले आहेत. रोज सकाळी एकट्याने फिरायला जाण्याची त्यांची जुनी सवय आहे. परंतु अलीकडे परतीचा रस्ता त्यांना कधी कधी आठवत नाही, आणि इथली घरे व गल्ल्या एकसारख्या दिसत असल्याने ती अडचण अधिकच वाढते. यासाठी माझ्या भावाने गळ्यात घालण्याचा, सिम कार्डावर चालणारा ट्रॅकर पुण्यातून घेऊन दिला. त्यात मी इथले प्रीपेड सिम घातले आणि ॲपमध्ये आयएमईआय क्रमांकही (यंत्राचा ओळख क्रमांक) नोंदवला. तरीही ॲप यंत्र ‘ऑफलाइन’ असल्याचेच दाखवते. रात्रभर खिडकीत ठेवूनही फरक पडला नाही. पहिल्या वापरापूर्वी नेमके काय करावे लागते, हे कोणी जाणकाराने सांगितल्यास उपकार होतील.

पॉइंट कुक येथील एक सभासद

*

नमस्कार ताई,

मालवाहू गाड्यांवर ट्रॅकर बसवणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण कुठे आहोत हे ट्रॅकरला उपग्रहांवरून समजते. पण ते तुमच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम उपग्रह करत नाहीत, ते मोबाइल नेटवर्कवरून होते. हे दोन स्वतंत्र दुवे आहेत आणि यंत्र चालत नसेल तेव्हा त्यांपैकी कोणता तुटला आहे, हे आधी ठरवावे. ‘ऑफलाइन’ याचा अर्थ दुसरा दुवा जोडलेला नाही. त्यामुळे खिडकीत ठेवून तो जुळण्याचा संभव नव्हता.

यंत्राच्या मागचे लेबल किंवा खोका पाहावा. तिथे केवळ ‘जीएसएम ९००/१८००’ असे काही लिहिलेले असेल, तर ते टूजी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या जुन्या मोबाइल नेटवर्कवर चालणारे यंत्र आहे. भारतात टूजी अजून चालू असल्याने अशी यंत्रे तिकडे सर्रास मिळतात आणि उत्तम चालतात. ऑस्ट्रेलियातल्या मोबाइल कंपन्यांपैकी मात्र टेल्स्ट्राने २०१६ च्या अखेरीस आणि सर्वांत शेवटी व्होडाफोनने २०१८ मध्ये टूजी बंद केले. टेल्स्ट्रा व ऑप्टसचे थ्रीजीही २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाले. तुमचे यंत्र टूजी असल्यास कोणतेही सिम घातले तरी ते यंत्र इथे चालणार नाही. बाबा पुण्याला परतल्यावर त्याचा उपयोग होईल. इथल्यासाठी फोरजीचे, आणि त्यातही ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ (लहरींचा पट्टा) असलेले यंत्र घ्यावे. त्याला बोलण्यासाठी बटण असेल, तर ते तुमच्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर व्होल्टीने, म्हणजे फोरजीवरूनच, कॉल लावू शकते, याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी.

योग्य यंत्र हाती आले की सिम प्रथम तुमच्या फोनमध्ये घालून चालू करावे, एक कॉल करून आणि इंटरनेट वापरून पाहावे आणि सिमचा पिन (कुलपाचा आकडा) सेटिंगमधून बंद करावा; ट्रॅकरला पिन टाकता येत नाही. मग सिम ट्रॅकरमध्ये घालून मोबाइल कंपनीने दिलेला एपीएन (इंटरनेट जोडणीचे नाव) जसाच्या तसा भरावा. त्यातला एक टिंब राहिला तरी यंत्र नेटवर्क पकडते, पण माहिती पाठवत नाही.

यानंतर उपग्रहांची पाळी. नव्या यंत्राला कोणता उपग्रह कुठे आहे याची काहीच कल्पना नसते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ही माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट्स इतक्या संथ गतीने पाठवतात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा उतरवून घ्यायला सुमारे अर्धे मिनिट पुरते, पण सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. बहुतेक नवी यंत्रे हीच माहिती इंटरनेटवरून चटकन मिळवतात, म्हणून तर नेटवर्क आधी जुळवायचे. तरीही पहिल्या वेळी पूर्ण चार्ज केलेले यंत्र मागच्या अंगणात, छपरापासून दूर, वरची बाजू आकाशाकडे करून अर्धा तास न हलवता ठेवावे. खिडकीतून निम्मेच आकाश दिसते आणि उष्णता रोखणाऱ्या थराच्या काचेमुळे संदेश आणखी क्षीण होतो.

ॲपमध्ये मेलबर्नची वेळ निवडावी, अन्यथा ॲप ग्रिनिचची वेळ धरत असल्यास नोंदी दहा-अकरा तासांनी मागे दिसतील. घराभोवतीची सीमा (जी ओलांडताच फोनवर सूचना येते) किमान दीडशे मीटर त्रिज्येची ठेवावी. त्याहून लहान ठेवल्यास बाबा सोफ्यावर बसलेले असतानाही ते बाहेर पडल्याच्या सूचना येत राहतील आणि खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष होईल.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्र गळ्यात घालण्यापूर्वी बाबांना सर्व नीट समजावून सांगून त्यांचा होकार घ्यावा. व्हिक्टोरियात १९९९ च्या सर्व्हेलन्स डिव्हाइसेस कायद्यानुसार संमतीवाचून कोणाचा असा माग ठेवणे गुन्हा ठरू शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला यंत्र आपले वाटत नाही, तो माणूस ते घरीच काढून ठेवतो.

ग्लेन वेव्हर्ली येथील एक सभासद

*

दादा,

मनःपूर्वक आभार. जुने यंत्र टूजीचेच निघाले. नवे आपण सांगितलेल्या क्रमाने जोडले आणि अंगणात ठेवल्यावर काही मिनिटांतच नकाशावर आमचे घर दिसले. बाबांनी यंत्र हातात घेऊन सगळी बटणे दाबून पाहिली, ‘झोपताना काढले तर चालेल ना?’ एवढेच विचारले आणि होकार दिला. आता एकच शंका आहे. ते बाजाराच्या इमारतीत शिरले की ठिपका एकदम फ्रीवेपलीकडे उडी मारतो. हा यंत्राचा दोष आहे का?

*

ताई,

दोष नाही. छताखाली उपग्रह दिसेनासे झाले की यंत्र मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधते आणि तो अंदाज शेकडो मीटरने, कधी त्याहूनही अधिक चुकतो. ॲपमध्ये ठिपक्याभोवती मोठे वर्तुळ किंवा टॉवरचे चिन्ह दिसेल, तेव्हा त्या ठिपक्यामागे धावू नये. उपग्रहावरून मिळालेले शेवटचे स्थान आणि त्याची वेळ पाहून तिथून शोध सुरू करावा. सेटिंगमध्ये सोय असल्यास सीमेच्या सूचना केवळ उपग्रहाच्या स्थानावरून येतील असे करावे. बाबा सापडत नसतील, तर लगेच ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून हेच शेवटचे स्थान पोलिसांना सांगावे. त्यासाठी ठरावीक तास थांबण्याचा नियम इथे नाही. रात्री ते यंत्र काढणारच आहेत, तेव्हा तीच वेळ चार्जिंगची ठरवावी आणि प्रीपेड सिमचे रिचार्ज आपोआप होईल अशी व्यवस्था आजच करून टाकावी.