मूळ परीकथा सौम्य कराव्यात का?

परीकथांचे जुने संग्रह मुलांना द्यायचे तर त्यांतील क्रौर्य वगळूनच द्यावे, असे मत काही जण मांडतात. त्यामागची काळजी मला समजते. पण ही काटछाट आजची नाही. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला, तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आणि तरीही, तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचण्याची राणीची शिक्षा मात्र १८५७ च्या सातव्या आवृत्तीतही कायम राहिली.

डॅनिश लेखक अँडरसनच्या जलपरीची (१८३७) गोष्ट वेगळी आहे. ती त्याची स्वतःची रचना असल्यामुळे तिचा शेवट बदलला की कथाच उरत नाही. फोंड्याच्या घरी मी ती माझ्या सात वर्षांच्या नातीला वाचून दाखवली, तेव्हा जलपरीचा फेस होतो त्या ओळीला ती गप्प झाली. पुढे चार दिवसांनी आम्ही मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो असता, पायाशी आलेला फेस तिने ओंजळीत घेतला, थोडा वेळ निरखला आणि "आजी, हिला परत पाण्यात सोडूया" म्हणाली. त्या स्वरात भीती नव्हती, माया होती. लग्नाने संपणाऱ्या सौम्य आवृत्तीतून तिला हे मिळाले नसते, असे मला मनापासून वाटते.

मात्र अशी कथा आधी आपण पूर्ण वाचावी आणि मुलाला जवळ घेऊनच ऐकवावी.