प्रतिसाद: हे टी-ट्री तेलाचं नव्हे

वर विचारलंय, की ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या लिटल डेझर्टमध्ये दिसलेल्या पांढऱ्या फुलांच्या झुडपापासूनच टी-ट्री तेल काढतात का. नाही! ते तेल मेलाल्यूका अल्टर्निफोलिया या वेगळ्या झाडाचं, न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडचं. तुम्ही पाहिलंत ते बहुधा हीथ टी-ट्री, म्हणजे लेप्टोस्पर्मम मिर्सिनॉइडिस. कूळ मात्र दोघांचं एकच, आपल्या जांभळाचं.

पुन्हा गेलात तर फूल अगदी जवळून बघा. पाच सुट्या गोलसर पाकळ्या, कडेने आखूड पुंकेसर आणि मधोमध मधाने चकाकणारी हिरवट वाटी. मध असा उघड्यावर, त्यामुळे माश्या-भुंगेऱ्यांनाही तो सहज मिळतो. मला या झुडपाची चिवट जीवनशक्ती फार भावते: वणव्यात वरचं सगळं जळालं तरी बुंध्याशी जमिनीत असलेल्या गाठीतून नवे धुमारे फुटतात. फक्त फोटोसाठी फांदी मोडू नका, तो राखीव भाग आहे.