टीटी फ्रेम, ट्राय फ्रेम आणि ‘चौकट’

प्रश्न:
सेकंडहँड सायकल शोधतोय. जाहिरातींत एकाच तऱ्हेच्या कार्बन फ्रेमला कुणी ‘टीटी’ म्हणतं, कुणी ‘ट्राय’, तर कुणी ‘टीटी/ट्राय’ लिहून मोकळं होतं. फोटोत मला सगळ्या सारख्याच दिसतात. हे समानार्थी शब्द समजायचे का? आणि फ्रेमला मराठीत चौकट म्हणावं की सांगाडा?

प्रतिसाद १:
समानार्थी नाहीत. टीटी म्हणजे टाइम ट्रायल, एकेकट्याने सुटून घड्याळाशी लावलेली शर्यत. तिथे यूसीआयचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे नियम चालतात. फ्रेम त्रिकोणी घडणीचीच हवी, सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी नको, सीटचं टोक किती पुढे आणायचं यालाही मर्यादा. नळीची पुढून मागची खोली रुंदीच्या तिपटीहून जास्त नको, असंही बरीच वर्षं होतं. ते बंधन पुढे सैल झालं. ‘ट्राय’ म्हणजे ट्रायथलॉन, एकाच शर्यतीत पोहणं, सायकल आणि धावणं. आयर्नमनसारख्या लांब ट्रायथलॉनला यातलं काही लागू नाही, त्यामुळे ट्राय फ्रेम बनवणाऱ्याचे हात मोकळे. व्हेंटम वन ही ट्राय सायकल पाहा, खालची तिरकी नळीच गायब आणि वरच्या नळीवर पाण्याची टाकी.

म्हणून टीटी फ्रेम ट्रायथलॉनला बिनधास्त न्या. उलट मात्र दर वेळी जमत नाही.

आता गंमत. 1989च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी टाइम ट्रायल होती. अमेरिकेच्या लेमाँडने हँडलला ट्रायथलॉनवाल्यांचे, कोपरं टेकवायचे पुढे आलेले दांडे लावले आणि फ्रान्सच्या फिन्योंवर अवघ्या 8 सेकंदांनी अख्खी टूर जिंकली. त्या दांड्यांना टीटीवालेसुद्धा आजवर ‘ट्रायबार’च म्हणतात. तेव्हा शब्दांची सरमिसळ जुनीच आहे.

प्रतिसाद २:
त्यात कंपन्या भर घालतात. स्पेशलाइज्डची ‘शिव टीटी’ वेगळी, ‘शिव ट्राय’ वेगळी. (हा आपला शिव नव्हे, इंग्रजीत शिव म्हणजे चाकू.) कॅनियनच्या स्पीडमॅक्सचंही तेच, ट्राय आणि टीटी अशा दोन्ही आवृत्त्या. ट्राय फ्रेममध्ये पाणी, खाणं, पंक्चरचं सामान ठेवायला जागा आतच केलेली असते, कारण पूर्ण आयर्नमनमध्ये सायकलवर 180 किलोमीटर एकट्याने काढायचे आणि उतरल्यावर मॅरेथॉन पळायची. टीटीवाला साधारण तासाभरात मोकळा होतो, त्याला डबा कशाला?

‘फुल कार्बन, T800’ या अक्षरांवर भाळू नका. तो कार्बनच्या धाग्याचा दर्जा झाला. थर कुठे किती, कोणत्या दिशेने घातलेत, यावर फ्रेम ताठ की लवचीक ते ठरतं, आणि ते जाहिरातीत कुणी छापत नाही. त्यापेक्षा स्टॅक आणि रीच विचारा. पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. दोन्ही फ्रेमवर ‘एम’ लिहिलेलं असलं तरी स्टॅकमध्ये दोन सेंटीमीटरचा फरक निघू शकतो. कोपरं दोन सेंटीमीटर खाली गेली की मान काय म्हणते, ते तासाभराने कळतं.

प्रतिसाद ३:
मराठी शब्दाबद्दल. सायकलच्या दुकानात चिमटा, नळी हे शब्द रुळलेले आहेत, पण चौकट म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. तिथेही फ्रेमच. सांगाडा म्हटलं की मोडीत निघालेली सायकल डोळ्यांपुढे येते. तरी टीटीला ‘चौकट’ शोभेल, ती नियमांच्या चौकटीतच जन्मते! व्हेंटमला मात्र कोणत्या तोंडाने चौकट म्हणणार? माझं मत: फ्रेम लिहावं, नळ्यांना नळ्याच म्हणावं.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मला गोव्याच्या 70.3 साठी, म्हणजे अर्ध्या आयर्नमनसाठी हवी आहे, सायकल 90 किलोमीटर. पुढेमागे टाइम ट्रायलही करायची आहे. विकणाऱ्याचं ‘दोन्हीला चालते’ हे कसं तपासू?

प्रतिसाद १:
2011पासून यूसीआयने मान्यता दिलेल्या फ्रेमवर ‘यूसीआय फ्रेम’ अशी छोटी खूण असते, सोबत कोड. सीटखालच्या नळीवर बघा, नाहीतर वरच्या. जवळून फोटो मागवा. खूण नसेल तर गोव्याला घेऊन जा, पण टीटीचं वचन किमतीत धरू नका.