मदत हवी आहे: नववीला जंगलातला डीएनए शिकवतेय, पाड्यावरच्या आजींचं ज्ञान वहीत कसं मांडायचं?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नववीला सायन्स शिकवते, यंदा विज्ञान मंडळात जीनोमिक्स घेतलंय, म्हणजे झाडाचा अख्खा जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) शाळेत वाचणं शक्यच नाही पण डीएनए डोळ्यांना दिसेपर्यंत काढायचा आणि आरबीसीएल, मॅटके हे जीन वापरून झाड कसं ओळखतात ते कागदावर करून बघायचं. ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावरच्या एक वारली आजी जूनमध्ये शेवळं ही रानभाजी विकायला येतात, त्यांनाच वर्गात बोलावलं.

आजींनी सांगितलं, शेवळाला आधी फूल येतं (तेच शेवळं म्हणून विकतात), पान नंतर. त्या कोवळ्या पानांना लोत म्हणतात, बाजारात दोन्ही वेगळ्या भाज्या पण कंद एकच. एका मुलीने लगेच विचारलं, मॅडम मग दोन्हींचा डीएनए सेमच ना? इतक्या वर्षांत हा मुद्दा मला पुस्तकातून असा कधी पोचवता आला नव्हता. खाज जावी म्हणून भाजीत काकडं (रानातली आंबट फळं) घालायची हेही आजींनीच सांगितलं.

आता अडचण. एका मुलाने वहीत दोन रकाने आखले, 'आजींचा समज' आणि 'सायन्सचा पुरावा'. मला ते खूप खटकलं पण त्याऐवजी काय लिहायला सांगू सुचेना. शिवाय एका मुळीचं औषध सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या हे लिहू नका, तोवर मुलांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं, ते मी डिलीट करायला लावलं. बाकीच्यासाठी एकट्या आजींची परवानगी पुरते का?

आणि मीठ, भांड्यांचा साबण, थंडगार स्पिरिट वापरून केळ्याचा डीएनए मस्त निघाला, जांभळाच्या पानाचा नुसता तपकिरी चिखल झाला, काय चुकतंय?

प्रतिसाद १:
ताई, जांभळाच्या पानात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, पान वाटलं की ते हवा लागून काळं पडतं आणि डीएनएला चिकटतं. लॅबमध्ये त्यासाठी सीटॅब, पीव्हीपी ही रसायनं घालतात, शाळेत सरळ पालक घ्या. येऊरची पानं तोडायला लावू नका, नॅशनल पार्क आहे. परवानगी पाड्यावर बसून सगळ्यांना विचारा, २००६ च्या वनहक्क कायद्यातही पारंपरिक ज्ञानावरचा हक्क समूहाचा आहे. दोन्ही रकान्यांवर एकच प्रश्न लिहा, 'हे कसं कळलं?' एकीकडे कंद खणून, दुसरीकडे डीएनए वाचून.

धागाकर्ती:
खूप आभार, उद्याच वह्या बदलून घेते. रविवारी पाड्यावर जातेय, आजींचा बाजाराचा दिवस बुडाला होता त्याचं मानधनही द्यायचंय.