फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम: नवीन पान आवरणातच अडकून फाटतंय, जुन्या पानांच्या कडा करपतायत

पर्णवेडी
पुणे, दुसरा मजला. हे मखमली पानांचं शोभेचं झाड डिसेंबरात आणलं, तेव्हा तीन पानं होती, सगळ्यात मोठं सुमारे १८ सेंमी. सहा इंची गोल कुंडी, नर्सरीचंच मिश्रण, जवळजवळ नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). जागा पूर्वेच्या खिडकीपासून दीड मीटर आत. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७००. वरचा थर सुकला की देते. रोज सकाळी पानांवर फवारा मारते. रात्री एसी २३ वर. आर्द्रता दुपारी ३० टक्क्यांच्या आसपास.

मार्चमध्ये नवीन पान आलं, पण टोक कोवळ्या पानाभोवतीच्या पातळ आवरणात चिकटून राहिलं आणि उलगडताना मधोमध फाटलं. आताचंही तसंच अडकलंय. जुन्या दोन पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. सगळ्यात जुनं पान पिवळं पडतंय. आधी काय बदलू?

आडवं_खोड
आधी मिश्रण बोटाने बाजूला करून खोड कुठे आहे ते बघा. ग्लोरिओसम वर चढणारं फिलोडेंड्रॉन नाही. कोलंबियाच्या जंगलात ते जमिनीवर सरपटतं. खोड आल्याच्या कुडीसारखं आडवं पडलेलं, मुळं खालच्या अंगाने जमिनीत, पानं वरच्या अंगाने. नर्सरीत झाड डुगडुगू नये म्हणून हे खोड बऱ्याचदा मिश्रणात पुरतात. ओल्या कोकोपीटमध्ये पुरलेल्या खोडाला हवा मिळत नाही, ते मागच्या टोकाकडून कुजत येतं. मुळं गुदमरली की कुंडीत ओल असूनही पानापर्यंत पाणी पोचत नाही. उलगडणाऱ्या पानाला आतून पाण्याचा जोर लागतो. तो कमी आणि वरून हवा कोरडी, म्हणजे आवरण वाळून पानाला चिकटणारच.

खोडाचा वरचा निम्मा भाग उघडा हवा. नखाने हलकं दाबून बघा. टणक असेल तर ठीक. बोट आत गेलं, तपकिरी पाणी आलं किंवा वास आला तर कुजलंय.

कुंडी गोल नको, आयताकृती घ्या: ३५ ते ४० सेंमी लांब, १५ सेंमी खोल, तळाला भरपूर भोकं. खोडाची जुनी बाजू एका टोकाच्या भिंतीला टेकवा, वाढतं टोक समोरच्या मोकळ्या लांबीकडे. टोक भिंतीवर आदळलं की पानं लहान यायला लागतात.

मिश्रण मापाने: ३ भाग कोकोचिप्स (नारळाच्या सोडणाचे साधारण १ सेंमीचे तुकडे), २ भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), १ भाग लाकडी कोळसा वाटाण्याएवढा फोडून, १ भाग धुतलेलं कोकोपीट, १ भाग गांडूळखत. चिप्स २४ तास भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला. मग लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून निथळा. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम धरलेलं असतं, हे न करता वापरलं तर झाडाच्या वाट्याचं कॅल्शियम काथ्याच ओढून घेतो. नवीन पानाला त्याचीच गरज असते. भरलेल्या कुंडीत पाणी ओता, ते काही सेकंदांत खालून यायला हवं. वर तळं साचलं तर चिप्स वाढवा.

ओल_आणि_हवा
मिश्रण पटलं, पण एप्रिलअखेर, पान उलगडत असताना कुंडी बदलायला माझा विरोध आहे. मुळं हलली की अडकलेलं पान नक्की जाणार. खोड टणक असेल तर आता फक्त वरची माती खरवडून खोड उघडं करा. कुंडी जूनच्या उत्तरार्धात बदला, तेव्हा हवेतली ओल आपोआप ७० च्या वर असते.

फवारा मात्र आजच बंद करा. त्याने आर्द्रता काही मिनिटंच वाढते. ७०० टीडीएसचं पाणी पानावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, आणि ग्लोरिओसमच्या पानावरून ते पुसता येत नाहीत. पानाची मखमल म्हणजे लव नव्हे. वरच्या पेशी बारीक उंचवट्यांसारख्या असतात, त्यावर उजेड विखुरतो आणि मखमलीचा भास होतो. घासलं किंवा तेल लावलं की ती चमक कायमची जाते. निंबोळी तेलही याच कारणासाठी नको.

आर्द्रता पानाच्या उंचीवर मोजा, ६० ते ७० पुरे. ह्युमिडिफायर घेणार असाल तर त्यात आरओचंच पाणी घाला. अल्ट्रासॉनिकमध्ये (कंपनाने पाण्याचे तुषार उडवणाऱ्या यंत्रात) बोअरचं घातलं तर क्षारांची पांढरी भुकटी खोलीभर आणि पानांवर बसते. यंत्र नसेल तर पान उलगडेपर्यंत कुंडीवर पारदर्शक पिशवीचा सैल तंबू करा, काठ्यांवर टेकवून, पानाला न लागता, दिवसातून एकदा दहा मिनिटं उघडून. तंबूवर ऊन पडू देऊ नका, आत झाड उकडेल.

अडकलेलं पान हाताने सोडवू नका. आवरणावर ओला कापूस अर्धा तास ठेवा, मऊ झालं की फक्त आवरणाची कड नखाने सैल करा. फाटलेलं पान भरून येत नाही, पण झाडाला अन्न देतं, म्हणून ठेवा.

एसीचा झोत झाडावर येत असेल तर झाडच हलवा. २३ अंशांनी काही बिघडत नाही, बिघडतं ते वाऱ्याने.

पर्णवेडी
खोड पूर्ण पुरलेलं होतं. मागची साधारण २ सेंमी मऊ लागतेय, पुढचं टणक. तरी जूनपर्यंत थांबू?

ओल_आणि_हवा
नाही. कूज असेल तर थांबायचं नाही, पान गेलं तरी चालेल. कूज पुढे सरकून वाढत्या टोकाला पोचली तर काहीच उरत नाही.

आडवं_खोड
सुरीचं पातं स्पिरिटने पुसा आणि हातमोजे घाला. हे अळू-सुरणाच्याच कुळातलं आहे, चीक तसाच खाजतो. मांजर-कुत्र्याने चघळलं तर तोंडाची आग होते, तेव्हा तुकडे खाली पडू देऊ नका.

मऊ भागाच्या पुढे अर्धा सेंमी टणक भागात काप घ्या. कापलेला पृष्ठभाग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा पांढरट-पिवळसर दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर पातं परत पुसून आणखी एक चकती काढा. कापावर दालचिनीची पूड दाबून लावा, मुळांना लागू देऊ नका, ती मुळं वाळवते. पोकळ, सालपटं सुटलेली मुळं कापा, टणक मुळं ठेवा. झाड सावलीत काही तास ठेवून काप सुकू द्या. मग नवीन मिश्रणात बसवा, काप उघड्यावर राहील असं. मुळं थोडीच उरली असतील तर ४० सेंमीची कुंडी आत्ता नको, मिश्रण सुकणार नाही. २० सेंमीची घ्या.

पहिलं पाणी थोडंच. नंतर बांबूची काडी तळापर्यंत खुपसून बघा, खालचा तिसरा भाग जेमतेम ओलसर उरला की भरपूर द्या, खालून वाहून जाईपर्यंत. खत नवीन पान दिसेपर्यंत नाही. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम मधल्या आठवड्यात, वेगळं. दोन्हीची दाट द्रावणं एकत्र केली तर पांढरा साका बसतो.

ओल_आणि_हवा
पाण्याचं राहिलं. करपलेल्या कडांमागे क्षारही आहेत, कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसेल. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर मिसळा, टीडीएस २०० च्या आसपास येईल. सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) पाणी अजिबात नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम असतं.

आणि दीड मीटर आत उजेड कमी पडतो. देठ लांबलचक आणि पान लहान, ही त्याची खूण. फोनच्या लक्समीटरवर (उजेड मोजणाऱ्या ॲपवर) पानापाशी सकाळी ५,००० ते १०,००० मिळेल इतकं खिडकीजवळ न्या. पूर्वेचं आठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, पश्चिमेचं दुपारचं नाही.

तंबू काढाल तेव्हा पानांच्या खालची बाजू भिंगाने बघा. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी हमखास येतो: शिरांच्या बेचक्यात बारीक जाळं, पान वरून फिकट ठिपक्यांचं. पांढऱ्या कागदावर पान टिचका, चालणारे ठिपके दिसले तर खालची बाजू शॉवरने धुवा, दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, किमान चार वेळा. एका धुण्यात अंडी जात नाहीत, उन्हाळ्यात ती तीन-चार दिवसांत फुटतात.

पर्णवेडी
काप घेतला, दुसऱ्या चकतीला स्वच्छ लागलं. पाच टणक मुळं उरली. पिवळं पान आत्ताच काढू का?

आडवं_खोड
पाच मुळं पुरेशी आहेत. पान पूर्ण पिवळं होऊ द्या, झाड त्यातलं नत्र पुढच्या पानासाठी परत ओढून घेतं. देठ बुडाशी मऊ पडला की हलक्या ओढीने निघेल. ओढून निघत नसेल तर अजून वेळ आहे, कापू नका. देठाचा ओला बुंधा खोडाला चिकटून राहिला तर तिथूनही कूज शिरते.