वायफाय चिप उठत नाही म्हणून ड्रायव्हरमध्ये अजून किती एमस्लीप (मिलिसेकंदांत थांबायची आज्ञा) घालायचे?

मकरपुरा_बेंच
आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरवर लावायचा गेटवे, म्हणजे त्याला नेटवर्कशी जोडणारी पेटी, बनतो. आत लिनक्स, कर्नल ५.१०, आणि सीवायडब्ल्यू ४३४३८ ही वायफाय-ब्लूटूथ एकत्र असलेली चिप. प्रोसेसरशी वायफाय एसडीआयओवर (मेमरी कार्डासारखी जोडणी), ब्लूटूथ यूआर्टवर (साधी सिरियल जोडणी). बोर्ड नीट बंद करून चालू केला की सगळं सुरळीत. पण लाइट क्षणभर जाऊन लगेच आली, की प्रोसेसर रीसेट होतो आणि वायफाय येतच नाही. लॉगमध्ये एसडीआयओ कार्ड सुरू करताना -११०, म्हणजे टाइमआउट.

ऑफिसात यावर एकच औषध आहे: डिले वाढवा. १५० मिलिसेकंद होते, ३०० झाले, आता ५०० वर गाडी आहे. दर वाढीनंतर दोन दिवस शांतता, मग पुन्हा फोन. माझं स्पष्ट मत: ड्रायव्हरमध्ये आकडे फुगवणं बंद करा. पॉवर कुठल्या क्रमाने द्यायची हे बोर्डाचं काम आहे, ते डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) लिहा आणि ड्रायव्हरला त्यातून मोकळं करा.

ड्रायव्हरवाला
अर्धं पटलं, अर्धं नाही. चिपला किती वेळ लागतो हे चिप बनवणारा ठरवतो, बोर्ड नाही. डेटाशीटमध्ये सरळ दिलंय: सप्लाय आल्यावर एसडीआयओला हात लावण्याआधी किमान १५० मिलिसेकंद थांबा. हा आकडा प्रत्येक बोर्डाच्या फाइलमध्ये कशाला? एकाने चुकीचा लिहिला की पुढचे दहा जण तोच कॉपी करतात. त्या फाइलमधल्या कंपॅटिबल स्ट्रिंगवरून (चिपच्या नावावरून) चिप कळते, तिचा वेळ ड्रायव्हरच्या तक्त्यात असावा. म्हणूनच डिव्हाइस ट्रीमध्ये डिलेच्या प्रॉपर्टी वाढवायला गेलं की अपस्ट्रीमवाले (मूळ कर्नल सांभाळणारे) डोळे वटारतात.

बोर्डाचा म्हणाल तर रेग्युलेटर (ठरावीक व्होल्टेज देणारा भाग) चढायला लागणारा वेळ, तेवढाच. त्याला डिव्हाइस ट्रीत रेग्युलेटरच्या नोडमध्ये (नोंदीत) जागा आहे: स्टार्टअप डिले, रॅम्प डिले, ऑफ-ऑन डिले. तिथे लिहा, माझी हरकत नाही.

साइटवरचा
तुमचं भांडण चालू द्या. मला खांबावर चढून माणूस पाठवावा लागतो, तेही मे महिन्यात. -११० आलं की पॉवर काढा, पुन्हा द्या, तीनदा प्रयत्न करा. झालं. गिऱ्हाइकाला अर्धा सेकंद उशीर दिसत पण नाही.

मकरपुरा_बेंच
@साइटवरचा रीट्राय आधीपासून आहे की! तीनदा करतो, तिन्ही वेळा -११०.

रावपुरा_रेल
सॉफ्टवेअरवाले सगळे डिलेवर भांडताय, आणि एकानेही स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावलेला दिसत नाही. @मकरपुरा_बेंच, तू सांग: लाइट जाऊन येते तेव्हा चिपची सप्लाय शून्यावर जाते का?

माझी खात्री, नाही जात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यावर फक्त १ किलोओहमचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) धरला तर टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद, पूर्ण रिकामा व्हायला त्याच्या पाचपट, म्हणजे अर्धा सेकंद. लाइट त्याआधीच परत येते. प्रोसेसरला सुपरव्हायझर आयसी आहे, तो व्होल्टेज पडताच रीसेट करतो. चिपला असं कोणी नाही. ती अर्धवट व्होल्टेजवर लटकलेली असते, आणि तुम्ही बाहेरून ५०० मिलिसेकंद तिची वाट बघता. ना मेलेली, ना जिवंत! अशीला पाच सेकंद दिलेत तरी उठणार नाही.

आणि एक. बंद चिपच्या पायांवरही लक्ष ठेवा. यूआर्टची लाइन हाय राहिली तर आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून करंट घुसतो आणि सप्लाय काढली तरी रेल (सप्लायची लाइन) शून्याला टेकत नाही.

कलाभवन_शेवटचं_वर्ष
काका, मग रीसेट पिनला आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावली तर? १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, १० मिलिसेकंद आपोआप मिळतात. सॉफ्टवेअर मधे नकोच.

रावपुरा_रेल
बाळा, तो कपॅसिटरसुद्धा त्या क्षणात रिकामा होत नाही. पहिल्यांदा चालू करताना छान, झटक्याला निरुपयोगी. उलटा डायोड टाकून डिस्चार्ज केलास तर थोडं सुधारेल, पण सप्लायच उतरली नाही तर आरसीला कळणार कसं?

ड्रायव्हरवाला
@रावपुरा_रेल चला, हार्डवेअरवाल्याने पहिल्यांदा हार्डवेअरचा दोष कबूल केला, तारीख लिहून ठेवतो.

पण मुद्दा राहतोच. चिपचा इनेबल पिन (चालू-बंद करणारा) खाली ओढला की सप्लाय शून्य नसली तरी ती रीसेट व्हायला हवी. रीट्राय तेच करतोय. मग तिन्ही वेळा का फसतो?

मकरपुरा_बेंच
याच प्रश्नासाठी आज दुपारी चारही प्रोब लावून बसलो. सप्लाय झटक्यात साधारण अर्ध्यावर येऊन परत चढते, म्हणजे रावपुऱ्याचं बरोबर. पण खरी गंमत दुसऱ्या लाइनवर.

या चिपला दोन इनेबल आहेत: वायफायचा डब्ल्यूएल रेग ऑन आणि ब्लूटूथचा बीटी रेग ऑन. चिपच्या आत दोन्ही ऑर केलेले आहेत. एक खाली ओढला की तेवढा भाग रीसेट होतो, पण आतले रेग्युलेटर दोन्ही खाली असतील तरच बंद होतात. डेटाशीट पुढे असंही म्हणते, की दोन्ही खाली गेल्यावर पुन्हा वर नेण्याआधी किमान १० मिलिसेकंद जाऊ द्या. आमच्या बोर्डावर ब्लूटूथच्या लाइनला पुल-अप (लाइन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) आहे, कारण कोणाला तरी ब्लूटूथ कायम चालू हवं होतं. त्यामुळे रीट्राय वायफायची लाइन वर-खाली करत राहतो, ब्लूटूथची लाइन सगळा वेळ वर, आणि आतले रेग्युलेटर एकदाही बंद होत नाहीत. पुल-अप काढून दोन्ही लाइनी हाताने खाली ओढल्या, सोडल्या, तर जुन्या १५० मिलिसेकंदांवर वायफाय दर वेळी आलं.

आता सांगा @ड्रायव्हरवाला, वायफायच्या ड्रायव्हरला ब्लूटूथची लाइन कुठून कळणार? एक एमएमसीखाली (कर्नलचा एसडीआयओ सांभाळणारा भाग), दुसरा सिरियलखाली. एकमेकांची ओळख नाही, आणि दोघांच्या हातात एकाच चिपची अर्धी-अर्धी किल्ली.

ड्रायव्हरवाला
हे मान्य. तरी लक्षात घ्या, हा डिलेचा नाही, मालकीचा प्रश्न निघाला. त्यासाठीच तर लिनक्स ६.११ मध्ये, २०२४ ला, पॉवर सीक्वेन्सिंगची वेगळी सबसिस्टिम आली. क्वालकॉमच्या चिपांमध्ये वायफाय पीसीआयई बसवर, ब्लूटूथ यूआर्टवर, आणि दोघांची पॉवर एकाच पीएमयूमधून (पॉवर वाटणारा भाग). तिथे तर अजून वाईट: चिपला पॉवर नाही म्हणून ती बसवर दिसत नाही, दिसत नाही म्हणून ड्रायव्हर लोड होत नाही, आणि पॉवर द्यायची तर ड्रायव्हर हवा. आता मधला सीक्वेन्सर दोघांच्या मागण्या मोजतो. ब्लूटूथ बंद केलं म्हणून वायफाय मरत नाही. आणि डिले कुठे लिहिलेत? सीक्वेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये, चिपनुसार. डिव्हाइस ट्रीमध्ये नाही. माझं तेवढं खरं!

साइटवरचा
६.११ वगैरे सोडा. आमचं ५.१० आहे, बोर्ड सप्लायर वर जाऊ देणार नाही.

रावपुरा_रेल
पुढच्या रिव्हिजनला पुल-अप काढा आणि ॲक्टिव्ह डिस्चार्जचा (बंद होताना सप्लाय स्वतः रिकामी करणारा) रेग्युलेटर घाला, दोन-चार रुपये जास्त लागतील. खांबावरच्यांचं तुम्ही बघा.

मकरपुरा_बेंच
बूटलोडरमध्ये (कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्राम) दोन्ही लाइनी २० मिलिसेकंद खाली ओढाव्यात असं मनात होतं. पुल-अप असला तरी लाइन जीपीआयओला (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणारा प्रोसेसरचा पिन) जोडलेली आहे, ओढता येते.

साइटवरचा
आणि बूटलोडर बदलताना लाइट गेली तर? मग खांबावरून पेटीच उतरवायची. नको भाऊ.

मकरपुरा_बेंच
मग हे बघा. २०१५ पासून कर्नलमध्ये एमएमसीचा साधा पॉवर सीक्वेन्सर आहे, ५.१० मध्येही. त्याला रीसेटचे एकाहून जास्त जीपीआयओ देता येतात. दोन्ही लाइनी त्याच्याच यादीत टाकतो, आणि ब्लूटूथच्या नोडमधून शटडाउन जीपीआयओ काढतो. फक्त डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) बदलते, ती कर्नलच्याच अपडेटमधून जाते आणि फसली तर जुनी परत येते.

ड्रायव्हरवाला
हे मला आवडलं नाही. वायफायची पॉवर काढली की ब्लूटूथ न विचारता मरेल. सस्पेंड झाला तर काय?

मकरपुरा_बेंच
गेटवे कधी झोपत नाही. ट्रान्सफॉर्मरला सुट्टी असते का?

ड्रायव्हरवाला
ठीक, या एका बोर्डापुरतं. पण दुसऱ्या प्रॉडक्टमध्ये ही फाइल कॉपी झाली तर मी नाव घेऊन ओरडणार. आणि लाइनी खाली किती वेळ राहतात ते स्कोपवर मोज. एमएमसी कोअर मधे साधारण १० मिलिसेकंदच थांबतो, म्हणजे अगदी काठावर.

मकरपुरा_बेंच
मोजतो. ते ५०० पण परत १५० वर आणतो, नाहीतर पुढचा माणूस त्यालाच औषध समजेल.

साइटवरचा
अपडेट आधी दोनच खांबांवर पाठवा, तरसालीकडच्या. तिथे लाइट सगळ्यात जास्त जाते.