दुष्काळ, ताण, संकेत : एक अडलेलं वाक्य

काठपदर
एका मासिकासाठी वनस्पतिशास्त्रावरचा लेख मराठीत आणतेय. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी पाण्यातून जमिनीवर आलेल्या वनस्पतींनी कोरड ओळखून तिची खबर पेशीत पोचवायची रेणूंची व्यवस्था कशी कमावली, असा विषय. ‘ड्रॉट स्ट्रेस सिग्नलिंग’ला मी ‘अवर्षण-ताण संकेतन’ लिहिलं होतं. संपादकांनी खोडून ‘दुष्काळी तणाव संदेशवहन’ केलं. वाचून चारा छावणीत रांगेला उभं असलेलं झाड डोळ्यांसमोर आलं. तुम्ही काय लिहाल? मुख्य अडचण सिग्नलिंगची आहे.

बांधावरून
तणाव नकोच ताई. तो दंगलीनंतर गावात असतो. ‘ताण’ मात्र आमचा रोजचा शब्द. डाळिंबाला बहार धरायचा तर पाणी बंद करून बाग ताणावर सोडतात. हलक्या रानात ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात बसता बसत नाही. मग पानगळ, छाटणी, आणि पहिलं पाणी देऊन ताण तोडायचा. झाडाला कोरडीची खबर लागते हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आमचा धंदाच त्यावर चालतो.

धातुपाठ
ताण हा ‘तन्’ धातूतला. तंतू, वितान, विणकराचा ताणा, गवयाची तान, सगळी एकाच घरची. पण एक खोड काढतो. पाणी तुटलं की पान ताणलं जातं का? उलट ढिलं पडतं, पीक माना टाकतं. मग ताण कसला?

खडूफळा
पानात नसेल, पण जलवाहिन्यांत आहे. पानातून बाष्प उडतं तशी आतली पाण्याची अखंड धार वर ओढली जाते. माती कोरडी झाली की ती धार अक्षरशः ताणली जाते, फारच झालं तर तुटते आणि मध्ये हवेचा बुडबुडा शिरतो. शेतकऱ्याचा शब्द भौतिकशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो.

धातुपाठ
मान्य. पण ‘संदेशवहन’ही चूक. संदेश म्हटलं की मजकूर आला. इथे मजकूर कुठे आहे?

काठपदर
तेच म्हणतेय! लेखातली साखळी अशी: कोरड पडली की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे वनस्पतींचं संप्रेरक वाढतं आणि ग्राहक प्रथिनाला चिकटतं. मग ते ग्राहक एका फॉस्फेटेजला, म्हणजे फॉस्फेट काढून घेणाऱ्या विकराला, धरून ठेवतं. ते फॉस्फेटेज एरवी एका कायनेजला, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला, दाबून ठेवत असतं. आता कायनेज मोकळं होतं आणि पर्णरंध्राच्या रक्षक पेशींतल्या वाहिन्या उघडतं. त्यांतून क्लोराइडसारखे ऋण आयन बाहेर, मागोमाग पाणी बाहेर, पेशी लुळ्या आणि रंध्र बंद. ‘निरोधकाचा निरोध’ लिहिलं तर माझं मलाच कळेना.

बांधावरून
कुत्रं बांधलं, चोर मोकळा. एवढंच ना?

काठपदर
😂 तेच छापते.

धातुपाठ
विनोद पुरे. ‘संकेतन’ शुद्ध आहे, तेच ठेवा. संकेत म्हणजे आधी ठरवलेली खूण, म्हणून तर प्रेमिकांचं संकेतस्थळ. शब्दातून अर्थ दिसला पाहिजे. इंग्रजीची री ओढून सिग्नलिंग लिहिलं की दिसतो फक्त चौकातला खांब.

खडूफळा
अर्थ दिसलाच पाहिजे हा हट्ट या आम्लाच्या नावापुढे टिकत नाही. १९६३च्या सुमारास अमेरिकेत ते कपाशीच्या बोंडांत सापडलं. ते बोंडं गळायला लावतं असं वाटून नाव दिलं ‘अ‍ॅब्सिसिन’. तिकडे वेल्समध्ये सायकॅमोरच्या पानांत सापडलेल्या पदार्थाला झाडाच्या झोपेवरून ‘डॉर्मिन’ म्हटलं. दोन्ही एकच निघाले, आणि १९६७ साली गळतीचं नाव कायम झालं. पुढे कळलं की पानं-फळं गाळायचं मुख्य काम इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचं. नाव चुकलं, सहा दशकं झाली, कुणाचं काही अडलेलं नाही.

बांधावरून
खरं आहे सर. पानगळीला आम्ही इथ्रेल फवारतो, त्यातून इथिलीनच सुटतं.

धातुपाठ
त्यांनी चूक केली म्हणून आपणही करायची?

गडगा
मध्येच घुसतो. ‘आधी ठरवलेली खूण’ हेही इथे जरा लंगडं आहे. झिग्नेमा नावाच्या गोड्या पाण्यातल्या शेवाळात या ग्राहकाचं भावंड सापडलं, २०१९मध्ये. ते फॉस्फेटेजला अडवतं, पण त्याला अ‍ॅब्सिसिक आम्ल लागतच नाही. म्हणजे कुलूप जुनं आहे, किल्लीवाचूनही चालणारं. किल्लीची सवय जमिनीवरच्या वनस्पतींना लागली. मग शेवाळात ते आम्ल वापरून वाळून पुन्हा जगतं आणि...

काठपदर
थांबा, कुठलं शेवाळ? आत्ता तर शेवाळाला आम्ल लागत नाही म्हणालात!

गडगा
आधीचं विहिरीतलं, आताचं भिंतीवरचं, मॉस. आमच्या रत्नागिरीकडे दोन्ही शेवाळच. मेमध्ये जांभ्याच्या गडग्यावर काळपट चुरा असतो, पहिल्या सरीला हिरवागार. फिस्कोमिट्रियम या मॉसच्या कोवळ्या तंतूंना आधी हे आम्ल दिलं, तर ते कडकडीत वाळूनही तगतात. यकृतकांना, म्हणजे मॉसच्या नात्यातल्या लिव्हरवर्टना, तर पर्णरंध्रंच नाहीत, तरी आम्लाचा उपयोग आहे. म्हणजे या आम्लाचं जुनं काम दारं लावायचं नसावं, सुकून मरू नये हे असावं.

धातुपाठ
पाण्यातलं ‘शैवाल’, भिंतीवरची ‘हरिता’. शब्द आहेत, वापरा की.

गडगा
आमच्या आजीला ‘हरिता घसरडी झालीय’ सांगून बघा. शेजारची मुलगी पडली असं समजून धावेल.

खडूफळा
वर्गात हरिता म्हटलं की मुलं हसायची. मॉस म्हटलं की लिहून घ्यायची.

काठपदर
बरं, हरिता आणि शैवाल ठेवते, आजींची माफी मागून. सिग्नलिंगचं काय?

बांधावरून
ताई, ‘दुष्काळी’ तेवढं काढाच. दुष्काळ जाहीर सरकार करतं, झाडाला आणेवारी कळत नाही. आमच्याकडे म्हणतात ‘पावसाने ओढ दिली’. सर म्हणाले ती पाण्याची धार, तीही ओढच की.

गडगा
ओढ? आमच्याकडे ओढ लागते ती गावाची. पाऊस दडी मारतो.

धातुपाठ
दडी मारणे वेगळं, ओढ देणे वेगळं. दडी मारलेला परत येतो...

बांधावरून
आमच्याकडे या, दाखवतो किती परत येतो ते.